वेळास ते हरिहरेश्वर : भरती-ओहोटी पाहून आखलेला वन्यजीव दर्शनाचा एक दिवस

वेळासला कासवांची पिल्ले पाहायला येणारी बहुतेक मंडळी सकाळी पिल्ले समुद्रात गेलेली पाहतात, नाश्ता करतात आणि दुपारच्या आत परतीच्या रस्त्याला लागतात. वास्तविक त्याच गावात मुक्काम ठेवून पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत एका दिवसात कासवे, खाडीतले पक्षी, चिखलातले निवट्या नावाचे मासे, समुद्री गरुड आणि लाटांनी कोरलेला हरिहरेश्वरचा कातळकडा एवढे सगळे निवांतपणे पाहून होते. अट एकच आहे. दिवसाचा क्रम हॉटेलच्या वा गाडीच्या सोयीने लावून चालत नाही, तो भरती-ओहोटीच्या वेळा पाहून लावावा लागतो. हे गणित जमले नाही, तर दोनशे किलोमीटरचा प्रवास करूनही हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, म्हणजे देवळामागच्या टेकडीभोवतीची, ओहोटीतच चालता येणारी कातळावरची वाट, बाहेरूनच पाहून परतण्याची वेळ येते. माझ्यावर ती एकदा आली आहे.

आधी भूगोल ध्यानात घ्यावा. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीच्या दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यातला मंडणगड तालुका असून बाणकोट, वेसवी आणि वेळास ही गावे त्यात येतात. उत्तरेला रायगड जिल्ह्यातला श्रीवर्धन तालुका असून बागमांडला आणि हरिहरेश्वर त्या बाजूला आहेत. वेसवी आणि बागमांडला यांच्यामध्ये फेरीबोट, म्हणजे इकडच्या बोलण्यातली जंगलजेटी, चालते आणि तिच्यावर माणसांबरोबर चारचाकी गाड्याही चढतात. मुंबईकर व पुणेकर माणगाव-म्हसळा मार्गे आल्यास त्यांना आधी हरिहरेश्वर लागते आणि मग खाडी ओलांडून वेळास. तरीही मुक्काम वेळासलाच ठेवावा, कारण पिल्ले सोडण्याची पहिली वेळ भल्या सकाळची असते आणि त्या वेळेला खाडी ओलांडून पोहोचणे जमत नाही.

दिवस कसा निवडावा

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात. अंड्यांतून पिल्ले बाहेर पडायला ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे पिल्ले दिसण्याचा खात्रीचा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा असतो. त्यातही मार्च महिना मला सर्वांत पसंत आहे, कारण फेब्रुवारीत घरट्यांची संख्या कमी भरते आणि एप्रिलच्या अखेरीस उकाडा असह्य होतो, शिवाय हिवाळी पाहुणे असलेले बहुतेक किनारी पक्षी तोवर निघून गेलेले असतात. गावात फोन करून कोणत्या घरट्यांचे दिवस भरत आले आहेत एवढे विचारून घ्यावे. शनिवार-रविवार शक्य असेल तर टाळावेत. गर्दीत पिल्ले दिसतात, पण माणसेच अधिक दिसतात.

महिना ठरला की पंचांग उघडावे. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा ढोबळ तास मिळतो. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती असते. अष्टमीला हाच तास सहा येतो. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक अवधीने पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होतो, म्हणून फोनवर किंवा छापील तक्त्यात त्या दिवसाची नेमकी वेळ पुन्हा पाहून घ्यावी. मात्र महिनाभर आधी दिवस निवडण्यासाठी तिथीच अधिक सोयीची पडते.

आपल्याला ओहोटी सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान हवी आहे. म्हणून शुद्ध किंवा वद्य पक्षातली चतुर्थी, पंचमी किंवा षष्ठी निवडावी. या तिथींना सकाळची पिल्ले पाहून, नाश्ता उरकून, खाडी ओलांडून ओहोटीच्या वेळेला हरिहरेश्वरला पोहोचता येते. दशमी-एकादशीला ओहोटी दुपारी दीड-दोनच्या पुढे जाते. तेव्हा बाणकोटचा किल्ला सकाळी आणि हरिहरेश्वर दुपारी असा क्रम उलटा करावा लागतो आणि तापलेल्या कातळावर चालण्याची तयारी ठेवावी लागते. पौर्णिमा आणि अमावास्या मात्र या बेतासाठी निरुपयोगी होत. त्या दिवशी उधाणाची भरती असते आणि ती दुपारच्या आसपास पूर्ण होते. मी पहिल्यांदा गेलो तो माघी पौर्णिमेचा दिवस होता आणि देवळाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. कड्याच्या फटीतून उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तळाशी प्रत्येक लाट फुटत होती आणि तिचे तुषार वरपर्यंत येत होते. अर्धा तास तिथे उभा राहून मी परत फिरलो. तिथी पाहण्याची सवय मला त्या दिवसापासून लागली.

आदल्या संध्याकाळची तयारी

वेळासला हॉटेले शोधत बसू नये, गावातल्या घरांतच राहण्याची सोय होते. हंगामात खोल्या लवकर भरतात, म्हणून दोन-तीन आठवडे आधी ठरवून ठेवावे आणि उकडीचे मोदक हवे असतील तर तेही त्याच वेळी सांगावे, कारण ऐन वेळी कोणी नारळ खवायला बसत नाही. रोख पैसे जवळ ठेवावेत, मोबाइलच्या रेंजवर आणि त्यामुळे फोनवरून पैसे देण्यावर पूर्ण विसंबू नये. गाडीची टाकी माणगाव, म्हसळा किंवा मंडणगड यांपैकी जे वाटेत लागेल तिथे भरून घ्यावी. एसटीने येणाऱ्यांनी मंडणगडच्या स्थानकावर वेळासच्या गाडीची चौकशी करावी. मात्र एसटीवर अवलंबून राहून हा सगळा दिवस एका दमात जमणार नाही, खाडीपलीकडच्या फेरीसाठी रिक्षा आधीच ठरवावी.

सामानात दुर्बीण अवश्य असावी, आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीणही पुरते. ओल्या खडकावर घसरणार नाहीत अशा पट्ट्याच्या चपला, टोपी, माणशी दोन लिटर पाणी आणि एक जुना टॉवेल घ्यावा. विजेरी नेल्यास तिच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद गुंडाळावा. त्याचे कारण पुढे येईल.

सकाळ : हॅचरीपाशी

गावातून समुद्रापर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते, शेवटी सुरूची झाडे आणि मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. घरट्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या साधारणपणे सकाळी सहा-सातच्या आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास उघडल्या जातात. नेमकी वेळ आदल्या रात्री विचारून ठेवावी आणि तिच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचावे.

इथे काय चालते ते आधी समजून घेतले तर पाहण्यात गोडी येते. ओडिशाच्या गहिरमाथ्याला किंवा ऋषिकुल्येच्या मुखाशी हजारो माद्या एकाच वेळी अंडी घालायला येतात, तसा प्रकार कोकणात घडत नाही. इथली मादी रात्री एकटी येते, मागच्या पायांनी दीड फुटाचा, तळाशी फुगलेल्या मडक्यासारखा खड्डा खणते, त्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून ती जागा दाबते आणि निघून जाते. पहाटे कासवमित्र, म्हणजे अंडी राखण्याचे काम करणारी माणसे, तिच्या परांनी उमटलेला रुंद माग काढत घरट्यापर्यंत जातात, अंडी अलगद बाहेर काढतात आणि हॅचरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत, तशाच मापाचा खड्डा करून पुरतात. उघड्या पुळणीवर ठेवल्यास कोल्हे आणि भटकी कुत्री ती शिल्लक ठेवत नाहीत. पूर्वी माणसेही ठेवत नसत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथले संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे गावातल्या घरांत येऊ लागले तसे अंड्यांपेक्षा कासव मोलाचे झाले. ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, पण अंडी राखली ती गावाने, हे मी आवर्जून सांगेन.

दिवस भरत आलेल्या घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. कासवमित्र ती उचलतात तेव्हा पहिल्यांदा पिल्लांकडे पाहू नये, वाळूकडे पाहावे. मधोमध बशीएवढा खळगा पडलेला असेल, तर खाली हालचाल सुरू झाली असे समजावे. अंडी फुटल्याने आत जागा रिकामी होते, पिल्ले वरची वाळू खाली ओढत एकमेकांच्या आधाराने वर सरकतात आणि पृष्ठभाग खचतो. काही वेळा खळग्यात एखादेच काळपट नाक दिसते आणि बराच वेळ काहीच घडत नाही. मग एकदम सात-आठ डोकी वर येतात. पिल्लू जेमतेम बोटभर लांब, करड्या-काळ्या रंगाचे असते आणि त्याच्या मानाने पुढचे पर फारच लांब वाटतात.

पिल्ले हातात घेऊन थेट पाण्यात का सोडत नाहीत, हा प्रश्न दर वेळी कोणी ना कोणी विचारतोच. त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि ती स्वतःच्या परांनी चालत जातात, कारण जन्मलेल्या किनाऱ्याची खूण त्यांच्यात याच काळात पक्की होते असे मानले जाते. प्रौढ माद्या अंडी घालण्यासाठी बहुधा त्याच प्रदेशात परततात. पण सगळ्याच परततात असे नाही. ओडिशात २०२१ मध्ये पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये कोकणात पहिल्यांदाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवण्यात आली, त्यांतली पहिली मादी वेळासची होती आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले.

आणखी एक गोष्ट विचारण्यासारखी आहे, ती घरट्याच्या तापमानाची. कासवांत नर किंवा मादी हे अंड्याभोवतीच्या वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या, थंड राहिली तर नर जास्त निपजतात. त्यामुळे हॅचरीवर सावली किती ठेवायची, हा दिसायला किरकोळ निर्णय प्रत्यक्षात फार दूरवर परिणाम करणारा असतो.

आपण पाळायचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सवलत नाही. दोरीच्या मागे उभे राहावे. पिल्ले आणि पाणी यांच्यामध्ये कधीही जाऊ नये, पायाचा एक खोल ठसासुद्धा त्यांना खड्डा ठरतो आणि त्यात ती उलटी पडतात. हात लावू नये. फ्लॅश वापरू नये. पिल्ले उजळ क्षितिजाकडे, म्हणजे स्वाभाविकपणे समुद्राकडे जातात, विजेरीचा किंवा फोनचा पांढरा उजेड पडला की ती वळून उलट दिशेला चालू लागतात. लाल कागद गुंडाळायचा तो यासाठी. मुलांना घेऊन आलेल्या पालकांनी आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी. काही दिवशी एकही पिल्लू निघत नाही, आणि त्याबद्दल कासवमित्रांशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. अंड्यांना शनिवार कळत नाही.

जंगलजेटीवर आणि खाडीत

आठच्या सुमारास घावन-चटणीचा नाश्ता करून वेसवीकडे निघावे. पंचमीच्या आसपासचा दिवस असेल, तर धक्क्यावर पोहोचाल तेव्हा पाणी उतरत असते आणि कडेचा चिखल उघडा पडत असतो. रांगेत गाडी लावून चालकाला तिथेच ठेवावे आणि बाकीच्यांनी उतरून चिखल पाहावा. एरवी कंटाळवाणी वाटणारी ही वाट पाहण्याची वेळ मला दिवसातल्या उत्तम वेळांपैकी वाटते. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले की चिखलाचेच तुकडे उड्या मारू लागल्यासारखे दिसते. त्या निवट्या. डोक्याच्या माथ्यावर बटणांसारखे डोळे असलेले हे मासे पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरपटतात, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून आणि ओल्या त्वचेतून श्वास घेऊन पाण्याबाहेर राहतात. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पंखा ताठ उभारतात. त्यांच्या शेजारी एक नांगी फारच मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी वरखाली हलवीत असतात.

मागे कांदळवनाची हिरवी भिंत असते. चिखलातून पेन्सिलींसारखी मुळे वर आलेली दिसली तर ती बहुधा तिवराची, आणि खोडाभोवती कमानीसारखे आधार फुटलेले असतील तर ते झाड कांदळाचे, एवढी ओळख प्रथम पुरे. उघड्या चिखलावर तुतवार, चिलखे आणि लांब वाकड्या चोचीचा कोरल चरत असतो, खांबांवर खंड्या बसलेला असतो. बोट सुटली की तिच्यामागे कुरव येतात, हिवाळाभर असतात आणि मार्च सरता सरता कमी होतात. त्यांना वेफर टाकण्याची पद्धत काही प्रवाशांनी पाडली आहे, ती आपण पुढे चालवू नये. तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची घार फिरताना दिसेल, ती ब्राह्मणी घार.

पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात खाडीच्या रुंदीकडे पाहून एक विचार जरूर करावा. अलास्कातल्या केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानात पर्यटक दिवसभराच्या बोटफेरीत देवमासे, समुद्री पक्षी आणि समुद्रात कोसळणाऱ्या हिमनद्या एकत्र पाहतात. आपल्याकडे बर्फ नाही, तरी ही खाडी बर्फाशी अगदीच असंबंधित नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे हिमस्तर सर्वाधिक पसरले होते, तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेला पुष्कळ दूर होता. सावित्री तेव्हा आपली दरी कोरत तिथवर वाहत जाई. पुढे बर्फ वितळले, पाणी चढत आले आणि दरीचे तोंड बुडाले. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि समुद्राने बुडवलेली दरी, तशी बाणकोटची खाडी म्हणजे नदीने कोरलेली आणि त्याच वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने बुडालेली दरी. जंगलजेटी तिच्यावरूनच जाते.

हरिहरेश्वरचा कडा

बागमांडल्याहून हरिहरेश्वर जवळच आहे. रीतीप्रमाणे आधी काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन देवळामागच्या टेकडीवरून प्रदक्षिणेला निघावे. पूर्ण ओहोटीच्या सुमारे तासभर आधी पायऱ्या उतरायला सुरुवात करावी आणि ओहोटी उलटल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुळणीच्या बाजूने बाहेर पडावे. थांबत, पाहत गेल्यास तासभर लागतो. दोन उभ्या कातळांमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या खाली जातात आणि समोर एकदम समुद्र उघडतो.

तळाशी पोहोचल्यावर लगेच पुढे निघू नये. ज्यावर आपण उभे असतो तो सपाट कातळमंच लाटांनी कापून काढलेला आहे. लाटा कड्याच्या पायथ्याला पोखरतात, वरचा आधार सुटलेला भाग कोसळतो, कडा मागे सरतो आणि त्याच्या जागी असा मंच उरतो. खडक दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आता कड्याच्या भिंतीशी हातभर अंतरावर जाऊन पाहावे. दगडाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते, काही घरे बोट जाईल एवढी तर काही नारळ मावेल एवढी. एकट्या लाटांच्या माऱ्याने ही जाळी पडत नाही. तुषारांबरोबर आलेले मीठ दगडाच्या छिद्रांत शिरते, पाणी सुकले की त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण आतून सुटे करतात. मऊ भाग झडतो, कठीण भाग भिंतींसारखा उरतो. बोट फिरवले तर खरखरीत पूड हाताला लागते. ती जिभेला लावून पाहिली तर खारट लागेल.

खळग्यांत साठलेले पाणी म्हणजे छोटी मत्स्यालयेच असतात. शंखात शिरलेले खेकडे, कडेला चिकटलेली कालवे, पाण्यात पाकळ्या पसरलेली समुद्रफुले दिसतात. आपली सावली पडताच फुले मिटतात, म्हणून सूर्याकडे तोंड करून बसावे. काहीही उचलून नेऊ नये. दूर पाण्यावर पाठीचा कणा आणि छोटा तिकोनी पर वरखाली होताना दिसला, तर दुर्बीण लावावी. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरणारे कुबडाचे डॉल्फिन इथून कधीकधी दिसतात.

धोका खरा आहे आणि या जागी माणसे वाहून गेली आहेत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये, हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नये, मंचाच्या ओल्या कडेपासून लांब राहावे. भरती लागल्यावर कोणी स्थानिक माणूस परत फिरा म्हणाला, तर वाद न घालता फिरावे. पावसाळ्यात हा भाग पाहण्याचा विचारही करू नये.

दुपार

जेवण करून सावलीत विश्रांती घ्यावी, या वेळी पक्षीही विश्रांतीच घेतात. अंगात उत्साह असलेल्यांनी श्रीवर्धनच्या वाड्यांकडे चक्कर मारावी. या भागात पांढऱ्या पाठीची गिधाडे माडांवर घरटी करीत आली आहेत, मात्र ती दिसतीलच असे गृहीत धरू नये. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने देशभरची गिधाडे संपत आणली. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण वाढ फार संथ आहे. त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातले माड आणि सुपाऱ्या हजारोंनी आडव्या केल्या. परतीच्या दिवशी माणगावकडे जाणार असाल, तर म्हसळ्याजवळच्या चिरगावची चौकशी करून तिथे सकाळी थांबणे अधिक फलदायी ठरेल.

बाणकोट आणि संध्याकाळ

साडेतीनच्या बोटीने परत यावे. आता खाडी तुडुंब भरलेली असते, सकाळचा चिखल आणि त्यावरची सगळी वर्दळ पाण्याखाली गेलेली असते. वेसवीहून वेळासला जाताना बाणकोटचा किल्ला वाटेतच लागतो. जांभ्या दगडात बांधलेला हा हिम्मतगड १७५६ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. तटावरून खाडीचे मुख, हरिहरेश्वरची टेकडी आणि मोकळा समुद्र एका नजरेत येतो.

इथे अर्धा-पाऊण तास समुद्री गरुडासाठी राखून ठेवावा. पांढरे पोट, करडी पाठ आणि पाचरीसारखी आखूड शेपटी ही त्याची खूण होय. पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचललेले असतात, घारीचे तसे नसतात. पायात लोंबती दोरी दिसली तर दुर्बिणीतून नीट पाहावे, बहुधा तो समुद्री साप असतो. उंच झाडावरचे काटक्यांचे घरटे ही जोडी वर्षानुवर्षे वापरते. घरटे आढळल्यास त्याच्याखाली जाऊ नये आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

साडेपाचच्या आत वेळासच्या पुळणीवर परतावे. पंचमीच्या संध्याकाळी पाणी नुकते उतरू लागलेले असते, त्यामुळे पिल्लांना चालायचे अंतर सकाळपेक्षा कमी असते आणि उन्हाचा तिरपा उजेड त्यांच्या मागांवर पडतो. वाळूत दोन्ही बाजूंनी स्वल्पविरामांची ओळ काढत गेल्यासारखे ते माग पाण्यापर्यंत जातात. कासवमित्र उरलेल्या टोपल्या उचलून पाहतात त्या वेळी जवळ उभे राहावे आणि कोणत्या घरट्यावर नुकता खळगा पडू लागला आहे ते विचारावे. तसे एखादे असेल, तर परतीचा प्रवास चार तास पुढे ढकलून सकाळी साडेपाचचा गजर लावावा.